टीका आणि द्वेष : जनमत कौलाच्या निमित्ताने

‘टीका’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेचा जो भावार्थ मराठीत उलगडला, त्यासही आपले पूर्वज टीकाच म्हणत. ग्रंथातील अवघड स्थळ सोपे करून दाखविणे, गाठ उकलणे, आशय उजेडात आणणे, हे टीकेचे काम. पुढे वृत्तपत्रे निघाली, पक्ष निर्माण झाले, सभा गाजू लागल्या, आणि टीका म्हणजे दोषदिग्दर्शन असा अर्थ रूढ झाला. त्यातही वावगे काही नाही. दोष दाखविणे हाही उजेड पाडण्याचाच एक प्रकार आहे. परंतु आता टीका म्हणजे एखाद्या माणसाविषयी मनात साठलेला राग चारचौघांत ओकणे, अशी समजूत होऊन बसली आहे. आणि ज्याच्यावर टीका होते तोही ‘हे लोक माझा द्वेष करतात’ एवढे म्हणून उत्तराच्या जबाबदारीतून मोकळा होतो. ह्या दोन्ही गोष्टी परस्परांस पोसतात. द्वेष करणारा स्वतःस टीकाकार म्हणवितो, सत्ताधारी खऱ्या टीकाकारास द्वेष्टा ठरवितो, आणि मूळ प्रश्न मधल्यामध्ये तसाच पडून राहतो.

हा विषय आम्ही घेत आहोत तो शब्दार्थाच्या हौसेने नव्हे. गोमंतकात दरवर्षी १६ जानेवारी उगवते. कोणी तो दिवस ‘अस्मिताय दीस’ म्हणून साजरा करतात, तर कोणाच्या घरी त्या दिवशी जुनी खंत जागी होते. १९६७ साली ह्या दिवशी, गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, ह्या प्रश्नावर गोमंतकीयांनी मत दिले. मत देणाऱ्यांतील पुष्कळसे आज हयात नाहीत. त्यांच्या नातवंडांनी त्या वेळचे युक्तिवाद वाचलेले नाहीत. पण त्या वेळची दूषणे मात्र त्यांना पाठ आहेत. युक्तिवाद विसरले जातात आणि दूषणे वारसाहक्काने मिळतात, हे कसे घडते ह्याचा विचार करण्यास ह्याहून जवळचे उदाहरण आम्हांस दिसत नाही.

त्या काळाकडे पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९१० ते १९२६ ह्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या काळात गोव्यात वृत्तपत्रांस काही मोकळीक लाभली होती. लुईस द मिनेझिस ब्रागांझा पोर्तुगीज भाषेत धारदार राजकीय लेखन करीत होते. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई ‘भारत’ पत्रातून मराठीत लिहीत होते. १९२६ नंतर लिस्बनमध्ये हुकूमशाही आली, सालाझारचा अंमल बसला, आणि छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती झाली. एका पिढीहून अधिक काळ गोमंतकीयांस सरकारवर उघड टीका करण्याची सोय उरली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली आणि दोन वर्षांच्या आत, ९ डिसेंबर १९६३ रोजी, विधानसभेची पहिली निवडणूक झाली. ज्या समाजास पस्तीस वर्षे जाहीर वादविवादाची सवय नव्हती, त्याच्यापुढे पहिलाच प्रश्न आला तो स्वतःच्या अस्तित्वाचा. पोहणे शिकण्यापूर्वीच मांडवीच्या भरतीत उडी घ्यावी लागावी, तसे झाले.

पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब, म्हणजे दयानंद बांदोडकर, मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. मगो पक्षाचे म्हणणे असे की, विलीनीकरणाच्या घोषणेवर आम्ही निवडून आलो, तेव्हा विलीनीकरणास कौल मिळालाच आहे. १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठराव केला. विरोधकांचे म्हणणे असे की, निवडणुकीत लोक उमेदवारास, पक्षास, कुळांच्या प्रश्नास, गावच्या शाळेस मत देतात. प्रदेशाच्या भवितव्याचा प्रश्न त्यात मिसळून टाकता येत नाही. हा मतभेद रास्त होता, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचारपूर्वक लिहिले गेले.

त्या लेखनाचा निष्पक्ष वाचकाने आज पुन्हा विचार करावा. पणजीचे ‘गोमन्तक’ हे १९६२ साली निघालेले दैनिक विलीनीकरणाच्या बाजूस होते. त्याचे पहिले संपादक बा. द. सातोस्कर. मडगावचे ‘राष्ट्रमत’ विरुद्ध बाजूस होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच गाजले. दोन्ही पत्रे मराठी. कोंकणीचा कैवार घेणारे सर्वांत प्रभावी दैनिक मराठीत निघत होते आणि त्याचे वाचकही मराठी वाचणारेच होते, हे सत्य दोन्ही छावण्यांस पुढे अडचणीचे वाटू लागले व म्हणून फारसे सांगितले जात नाही.

विलीनीकरणवाद्यांचे मुद्दे असे होते : गोवा लहान, त्याची साधनसंपत्ती मर्यादित, देवळातील पुराण, कीर्तन, दशावतार, शाळेतील पुस्तक हे सारे मराठी, आणि वेगळ्या गोव्यात सत्ता पुन्हा मूठभर भाटकारांच्या हाती जाईल ही बहुजनांस भीती. वेगळेपणाच्या कैवाऱ्यांचे मुद्दे असे : मोठ्या राज्याच्या एका कोपऱ्यातील जिल्हा होऊन गोव्याचा आवाज बुडेल, महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांमुळे गोमंतकीयांच्या नोकऱ्यांवर गदा येत आहे, महाराष्ट्रातील दारूबंदी येथे लागू झाली तर रेंदेरांनी काय खावे, आणि कोंकणी ही स्वतंत्र भाषा असून तिला स्वतःचे घर हवे. ह्यांतील प्रत्येक मुद्दा तपासता येण्याजोगा होता. प्रत्येकास उत्तर होते, उत्तरास प्रत्युत्तर होते. ही खरी टीका. ती कितीही कडक असली तरी तीत समोरच्यास बोलावयास जागा राहते.

परंतु मुद्द्यांच्या बरोबरीने दुसरी एक भाषा गावोगाव फिरत होती. तीत समोरचा माणूस काय म्हणतो ह्यास महत्त्व नव्हते. तो कोण आहे हे सांगितले की काम झाले. वेगळेपणाचा कैवारी म्हटला की तो ‘भाटकार’, ‘बामण’, ‘पाखल्यांचा उरलेला’. विलीनीकरणाचा कैवारी म्हटला की तो ‘घाटी’, ‘भायल्यांचा हस्तक’. ह्या शब्दांत एक सोय होती. ‘प्रतिनियुक्तीवरील अधिकारी किती आणि का?’ ह्यास उत्तर द्यावे लागते. ‘तू पाखल्यांचा उरलेला’ ह्यावर प्रश्नच उरत नाही. ‘वेगळ्या गोव्यात कुळाला जमिनीचे संरक्षण कोण देईल?’ ह्यास उत्तर द्यावे लागते. ‘तू घाटी’ म्हटल्यावर ती जबाबदारी टळते.

ह्या दूषणांतील असत्य किती ढळढळीत होते हे पाहावयाचे तर दोन माणसे डोळ्यांपुढे आणावीत. एक सासष्टीचा ख्रिस्ती रेंदेर. पहाटे माडावर चढून सूर उतरविणारा, स्वतःची हातभर जमीन नसलेला, बहुधा कोणाच्या तरी भाटात मुंडकार म्हणून राहणारा. त्यास ‘भाटकारांचा’ म्हणून हिणविण्यात आले. दुसरा पेडण्याचा शेतकरी. तेरेखोलच्या पलीकडे बांदे आणि सावंतवाडी हे त्याचे सोयऱ्यांचे गाव. लेक तिकडे दिलेली, सून तिकडून आणलेली. त्याच्या दृष्टीने विलीनीकरण म्हणजे नदीवरील एक सरकारी रेषा पुसली जाणे. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ साली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तो मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होता. त्या शेतकऱ्यास त्याच्याच बांधावर उभे राहून ‘भायल्यांचा’ म्हणण्यात आले. दोघांच्याही मताशी असहमत होण्यास पुष्कळ जागा होती. मात्र ज्या नावाने त्यांस हाका मारल्या गेल्या ते नाव त्या दोघांचेही नव्हते.

पेडणे आणि डिचोली हे दोन महाल ह्या प्रकरणात विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी मिळविलेल्या ‘नव्या काबिजादीं’त ते मोडतात. तोवर बळजबरीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून तेथील देवळे, जत्रा, सप्ताह आणि त्यांबरोबरची मराठी अखंड राहिली. जनमत कौलात ह्या दोन्ही महालांनी विलीनीकरणाच्या बाजूस मत दिले, ह्यात म्हणूनच नवल नाही. भाऊसाहेब बांदोडकर १९११ साली पेडण्यात जन्मले. परंतु आधुनिक कोंकणीचे आद्य कैवारी वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, अर्थात शणै गोंयबाब, कोठले? ते १८७७ साली डिचोलीत जन्मले. ज्या मातीस एक बाजू ‘मराठीचा बालेकिल्ला’ म्हणते, तिच्याच कुशीत कोंकणीच्या पुनरुज्जीवनाचा प्रवर्तक जन्मला. तेथील माणूस आईशी कोंकणीत बोलतो आणि देवाशी मराठीत; चुलीपाशी एक भाषा, समईपाशी दुसरी. एका भाषेचा द्वेष त्यास शिकविणे म्हणजे त्याच्याच घराच्या दोन खोल्यांमध्ये भिंत घालणे होय. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली आणि त्यांच्या ‘सासाय’ ह्या कोंकणी संग्रहास १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यायोगे त्यांची मराठी कविता उणी झाली असे कोणी म्हटले नाही. कवीस जे शक्य झाले ते समाजास अशक्य का व्हावे?

आता प्रत्यक्ष कौलाकडे वळू. आमच्या मते १९६७ च्या जनमत कौलाचे खरे महत्त्व त्याच्या निकालाहून त्याच्या रचनेत अधिक आहे. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये कायदा केला; त्याच महिन्यात बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले व राष्ट्रपती राजवट आली, ती मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून. मतपत्रिकेवर कोणाही पुढाऱ्याचे नाव नव्हते. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने, एवढ्याच दोन खुणा. भाऊसाहेब चांगले की वाईट, सिक्वेरा चांगले की वाईट, कोणाची जात कोणती, कोणाचा देव कोणता, हे त्या कागदावर विचारलेले नव्हते. प्रश्न माणसापासून सोडवून घेऊन स्वतंत्रपणे मांडला गेला. टीका आणि द्वेष ह्यांतील जो भेद लेखणीला साधला नाही, तो त्या साध्या कागदाने काही अंशी साधला.

मतदारांची संख्या होती ३,८८,४३२. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे शेकडा ८१ हून अधिक. वेगळेपणास १,७२,१९१ मते पडली व विलीनीकरणास १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. त्यानंतर जे घडले ते आम्हांस ह्या आकड्यांइतकेच बोलके वाटते. भाऊसाहेबांनी निकाल मानला. २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. तीत मगो पक्षास १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सना १२, आणि २ अपक्षांस. ज्यांचा प्रमुख राजकीय आग्रह जानेवारीत पराभूत झाला, तेच मार्चमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले.

ह्यावरून मतदारांनी विचार आणि माणूस ह्यांत विवेक केला, असा मोहक निष्कर्ष काही जण काढतात. तो पुरता खरा नव्हे. कौलात सारा गोवा एक मतदारसंघ होता, निवडणुकीत मतदारसंघ वेगवेगळे. सासष्टीतील मोठ्या बहुमताचा उपयोग कौलात झाला, विधानसभेच्या गणितात तो तितका होत नाही. तेव्हा विलीनीकरणाविरुद्ध मत देणारे लोक मोठ्या संख्येने भाऊसाहेबांकडे वळले असे म्हणण्यास आधार नाही. निर्विवादपणे म्हणता येते ते एवढेच की, हरलेल्यास राजकारणातून हुसकावून लावावे असे जिंकलेल्यांस वाटले नाही, आणि जिंकलेल्यांनी लबाडी केली असे म्हणून हरलेल्यांनी रस्ता धरला नाही. प्रश्न संपला, माणसे राहिली आणि कामास लागली. विलीनीकरणाची मागणी त्यानंतर हळूहळू विझत गेली, ह्याचे श्रेय ह्या संयमास आहे.

भाषेच्या प्रश्नास हे भाग्य लाभले नाही. तो कधीच असा मोकळा करून मांडला गेला नाही. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीस स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. पण ‘ती बोली की भाषा’ हा प्रश्न तोवर शास्त्राचा उरलाच नव्हता, तो जातीचा आणि धर्माचा झाला होता. डिसेंबर १९८६ मध्ये राजभाषेच्या आंदोलनास हिंसक वळण लागले व माणसे मृत्युमुखी पडली. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला : देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा, आणि शासकीय कामात मराठीच्याही वापरास मुभा. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. कायदा झाला, तोड निघाली. परंतु मनातील गाठ सुटली नाही. आजही शाळेचे माध्यम, पुरस्कार, लिपी, कशावरूनही वाद निघाला की पहिल्या दोन वाक्यांनंतर तेच १९६६ चे शब्द बाहेर येतात. ज्यांना भाट नाही त्यांना भाटकार म्हटले जाते, आणि ज्यांनी घाट कधी ओलांडला नाही त्यांना घाटी.

हा दोष केवळ गोमंतकाचा आहे असे कोणी समजू नये. आधुनिक मराठी गद्य ज्या ‘निबंधमाले’त घडले, तिच्यातच विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतिराव फुल्यांवर लिहिताना त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टर उडविली. शूद्रातिशूद्रांच्या दैन्यासंबंधी जोतिरावांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर त्या उपहासात नव्हते. बोलणाऱ्याची भाषा अशुद्ध ठरविली की त्याचा प्रश्न ऐकण्याचे कारण उरत नाही, ही युक्ती तेव्हापासून आपल्या गद्याच्या अंगवळणी पडली. पुढे आगरकरांच्या वाट्यास, ते जिवंत असतानाच, पुण्यातील सनातन्यांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचा प्रसंग आला. आणि तरीही त्याच पुण्यात दुसरे उदाहरण आहे. टिळकांनी ‘केसरी’तून गोखल्यांच्या नेमस्त राजकारणावर वर्षानुवर्षे प्रखर टीका केली. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले तेव्हा टिळक स्मशानात उपस्थित राहिले आणि तरुणांनी त्यांचे अनुकरण करावे असे बोलले. त्यांनी आपला एकही राजकीय सिद्धांत मागे घेतला नाही. मते तीच राहिली, विरोध तोच राहिला. परंतु जो गेला तो देशासाठी झिजला, हे सांगण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही.

दूरच्या अमेरिकेचा दाखला येथे उपयोगी पडेल; कारण लोकशाहीच्या पक्षीय राजकारणाचा तो सर्वांत जुना प्रयोग. १८०० सालच्या निवडणुकीत जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफरसन ह्या दोन जुन्या मित्रांच्या अनुयायांनी परस्परांवर इतकी चिखलफेक केली की, पराभूत ॲडम्स नव्या अध्यक्षाच्या शपथविधीस न थांबता पहाटेच राजधानी सोडून गेले. परंतु १८१२ पासून दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. त्यात मतभेद कायम होते आणि स्नेहही होता. ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, दोघेही काही तासांच्या अंतराने निवर्तले.

त्याच देशात अलीकडे काय झाले? १९६० च्या सुमारास तेथील लोकांस विचारण्यात आले होते की, तुमच्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न विरुद्ध पक्षाच्या घरात झाले तर तुम्हांस वाईट वाटेल काय. शंभरात सुमारे पाच जणांनी होय म्हटले. २०१० मध्ये तशाच प्रश्नास रिपब्लिकन पक्षाच्या जवळजवळ निम्म्या लोकांनी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुमारे एकतृतीयांश लोकांनी होकार दिला. ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदभवनात घुसला तेव्हा, आपल्याच पक्षाच्या उपाध्यक्षास फाशी द्या, अशा आरोळ्या त्यात उठल्या. जुलै २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रंप यांच्यावर प्रचारसभेत गोळी झाडली गेली. द्वेष एकदा मोकळा सुटला की तो स्वपक्ष आणि परपक्ष असा भेद फार काळ पाळीत नाही. लग्नाच्या प्रश्नावरून मात्र आम्हांस आपल्याकडची एक गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेत पक्षाची जात होऊ लागली आहे. आपल्याकडे जात आधीपासूनच होती. तिने पक्षाचे आणि भाषेचे पांघरूण घेतले. म्हणून आपला द्वेष पुष्कळ वेळा तत्त्वनिष्ठेच्या वेषात वावरतो आणि सहज ओळखू येत नाही.

तो ओळखावा कसा? आम्हांस तीन कसोट्या सुचतात. पहिली, टीकेचा विषय बदलता येण्याजोगा असतो. धोरण बदलता येते, अधिकारी परत पाठविता येतो, कायदा दुरुस्त करता येतो. जन्म बदलता येत नाही. ज्यात समोरच्यास सुधारण्यास वाटच ठेवलेली नाही, ती टीका नव्हे. दुसरी, टीका आपल्या माणसासही लागू पडते. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते. बहुजनांचे नेतृत्व आणि खाणीची मालकी ह्यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न त्यांच्या अनुयायांनीही विचारावयास हवा होता. युनायटेड गोवन्सच्या नेतृत्वात भाटकार वर्गाचा भरणा होता. कुळांस आपण काय देणार, हा प्रश्न त्या पक्षाच्या मित्रांनीही विचारावयास हवा होता. हे दोन्ही प्रश्न कडक आहेत, पण त्यांत द्वेष नाही. तिसरी, विषय संपला की टीका संपते. विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ मध्ये संपला. त्याविषयीची जी भाषा त्यानंतरही उरली, तिला टीका म्हणण्याचे कारण नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सभ्यतेचा हा उपदेश सुखवस्तू माणसास शोभतो. भाटकाराच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून उभ्या राहिलेल्या कुळाने जोखून-मापून बोलावे असे सांगणारे तुम्ही कोण? ज्याच्या मातृभाषेस ‘स्वयंपाकघरातली बोली’ म्हणून हसण्यात आले त्याने संताप गिळावा काय? आमचे उत्तर असे की, संताप गिळू नये. अन्यायाचा राग हा टीकेचा प्राण आहे, आणि थंडपणाने केलेले लेखन न्याय्य असतेच असेही नाही. पण रागाने कोठे घाव घातला म्हणजे फळ येते, हे पाहावे. १९६४ च्या कूळकायद्याने घाव घातला तो खंडावर आणि कुळास हुसकावण्याच्या अधिकारावर. तो घाव बसला. ‘बामण’ ही शिवी हजारदा उच्चारल्याने कोणाचा खंड एका कुडवाने कमी झाला नाही. शणै गोंयबाबांनी कोंकणीच्या उपहासास उत्तर दिले ते कोंकणीत ग्रंथ लिहून. आणि १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली ती अशा ग्रंथांच्या बळावर. ‘घाटी’ म्हटल्याने कोंकणीच्या कोशात एका शब्दाची भर पडली नाही.

२०१८ साली विधानसभेच्या आवारात डॉ. सिक्वेरांचा पुतळा उभारावा ह्या मागणीवरून वाद झाला. भाऊसाहेबांच्या गौरवाशी त्याची तुलना झाली, दोन्ही बाजूंनी जुनी शस्त्रे बाहेर निघाली. पुतळा असावा की नसावा ह्यावर मतभेद असू शकतो. आम्हांस खेद झाला तो ह्याचा की, ज्या दोन पुरुषांनी एकाच सभागृहात समोरासमोर बसून वर्षानुवर्षे वाद घातला आणि कौलाचा निकाल मानून पुढे काम केले, त्यांच्या नावाने भांडणाऱ्यांस तेवढाही संयम साधू नये. सिक्वेरांवर टीका करावी, भाऊसाहेबांवर करावी. दोघांच्याही धोरणांत टीकेस जागा आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती सोडू नये. पण ती करताना त्या दोघांच्या कृतींचा हिशेब मांडावा, कुळीचा नव्हे.

हे नियतकालिक दोन भाषांत निघते. एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कोंकणी, आणि वाचक बहुधा दोन्ही वाचतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या वाचकास त्यासाठी कष्ट पडत नाहीत, कारण दोन्ही पाने त्याच्या घरातीलच आहेत. ह्या पानांवर पुढेही वाद होतील, व्हावेतच. मराठीच्या अधिकाराविषयी होतील, कोंकणीच्या लिपीविषयी होतील, सरकार कोणाचेही असो, त्याच्या कारभाराविषयी होतील. लेखकांस आमची विनंती एवढीच की, लेख पाठविण्यापूर्वी त्यातील प्रत्येक कठोर वाक्य एकदा पुन्हा वाचावे आणि ते कोणत्या कृतीविषयी आहे ते समासात लिहून पाहावे. जेथे कृती सापडणार नाही आणि केवळ माणूस सापडेल, ते वाक्य खोडावे. उरेल तो लेख कितीही कडक असला तरी आम्ही तो छापू.